डाव्या पायाचा बूट

त्या दिवशी मी चिचगडच्या बाजारात गेलो होतो मिरच्या आणायला, आणि घेऊन आलो मिलिटरीचे जुने बूट. आणायला लावले उमेंद्रनं. उमेंद्र म्हणजे आमच्या गावचा पुढारी. निवडून कधी आला नाही, पण बॅनरवर हात जोडून कायम उभा.

आमच्या दुर्पताबाईचा बाप, सुकराम, इंग्रजांच्या पलटणीत शिपाई होता. मोठ्या लढाईत इटलीत मेला, तिकडंच पुरला. बाई तेव्हा आईच्या पोटात. आता ऐंशी पार केलेल्या बाईचा एकच हट्ट होता, मरायच्या आधी बापाला घरी आणायचं. त्याची रीत आहे. नाल्यावर जाऊन मेलेल्याला नावानं हाक मारायची, घरात टोपल्याखाली पीठ पसरून ठेवायचं. पिठावर पाऊल उमटलं की माणूस घरी आला.

उमेंद्रला सुकराम नको होता, व्हिडिओ पाहिजे होता. "लीलाधरभाऊ, बूटच उमटला पाहिजे. शहीद वाटला पाहिजे ना!"

असल्या कामाला मीच सापडतो. आणि खरं सांगू, मला मजाही वाटते.

सारे नाल्यावर गेले. दिवस बुडत होता. मी मागच्या दारानं बाईच्या घरात शिरलो. आत मोहाचा आंबूस वास, आणि शांतता अशी की पीठ दबल्याचा आवाज ऐकू आला. उजवा बूट दाबला, झोळीत टाकला, टोपलं झाकलं आणि परतणाऱ्या लोकांत मिसळलो. डावा माझ्या घरीच होता, खाटेखाली.

टोपलं उचललं. उमेंद्र मोबाईल धरून ओरडला, "शहीद सुकराम अमर रहे!"

बाई वाकली. मग थुंकल्यासारखं बोलली, "हा माहा बाप नोहे. त्याचा उजवा पाय तोफेनं उडाला होता. तसाच आठ दिवस जगला, मंग गेला. पलटणीच्या पत्रात लिहून होतं. काऊन रे उमेंद्र, घोषणा देऊन राहिला, अन् पाय किती होते ते नाही विचारलं?"

उमेंद्रनं दात काढत मोबाईल खाली घेतला. विचारलं तर मीही नव्हतं.

बाईनं ते पीठ पुसलं, नवीन पसरलं, टोपलं ठेवलं. दोन्ही दारांना बाहेरून कड्या घातल्या. आम्ही सगळे अंगणात बसलो, मी बाईला लागूनच. अंधार दाटला. आतून काहीतरी वाजलं... धप्. मग थांबून पुन्हा... धप्. एकाच पायावर कोणी चालावं तसं...

"ऐकलं का रे?" बाई कुजबुजली.

"उंदीर असन, माय..." मी म्हणालो.

दार उघडलं. टोपलं उचललं. पिठात बुटाचा एकच ठसा होता. डावा.

बाई खाली बसली. ठशाशेजारी तळहात टेकला आणि म्हणाली, "बाबा." जन्मात पहिल्यांदा.

उमेंद्र माझ्या कानाशी आला. "वा भाऊ! या खेपेले पाय बराबर आणला!"

"मी तुझ्यासमोर अंगणात होतो ना, गाढवा."

तो डोळा मारून हसला. असल्या माणसाला भूतसुद्धा कार्यकर्ताच वाटतं.

घरी आलो. खाटेखालून डावा बूट ओढला. तळाला पीठ होतं. आत हात घातला...

गरम होता.