दहावी टिचकी

प्रणितची नि माझी पहिली भेट भांडणानेच झाली, आणि चूक शंभर टक्के त्याची होती.

फेब्रुवारीतली गोष्ट. मी फिरती विशेष शिक्षिका. ज्या मुलांना शिकणं, बोलणं, स्वतःला आवरणं जड जातं, त्यांच्यासाठी पोंभुर्णा तालुक्यातल्या पाच शाळा करते. त्या दिवशी स्कूटीवर मागे आठ वर्षांची बुधरी होती. बुधरी बोलत नाही आणि मोठा आवाज तिला सोसत नाही. जंगलातल्या वळणावर एका वनरक्षकाने, म्हणजे प्रणितने, आम्हाला थांबवायला जोरात शिटी फुंकली. मी ब्रेक दाबेपर्यंत बुधरी उडी मारून रस्त्यातच बसली... कान घट्ट दाबून, डोकं गुडघ्यांत घालून.

"काऊन वाजवली शिटी? हात नाई दाखवता येत?" मी ओरडले.

"मॅडम, समोरून वाघ रस्ता ओलांडून राह्यला."

"मंग त्यालेही त्रासच झाला असंल."

त्याला हसू आलं. मला आणखी राग आला. पण त्याने शिटी खिशात टाकली नि बुधरीपासून चार हात दूर तो धुळीत मुकाट बसला. मी जेवणाचा डबा काढला, त्यावर नखाने हळूच नऊ टिचक्या मारल्या आणि थांबले. बराच वेळ गेला. मग बुधरीने फ्रॉकच्या खिशातून डब्याचं झाकण काढलं. मीच दिलेलं, कायम तिच्याजवळ असायचं. त्यावर तिने दहावी टिचकी मारली.

"दहावी तिची असते?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

"नवावर सोडलं तं तिले राहवत नाई."

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

बुधरीच्या गावच्या शाळेत माझा दिवस गुरुवार. मग त्याची गस्तही नेमकी गुरुवारीच शाळेवरून जायला लागली. शिटी मात्र पुन्हा दिसली नाही.

"आज वाघ कुठी आहे, गार्डसाहेब?" मी विचारायची.

"समोरच तं आहे... स्कूटीवर."

मी रागावल्याचं दाखवायची. आणि बुधवारी रात्री ओढणी कोणती घ्यायची, याचा विचार करायची. कबूल करते.

एप्रिलमध्ये मोह पडायला लागला. इथे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. ज्याचं झाड, त्याने त्याखालची जागा झाडून फुलं वेचायची. बुधरीची आई सोमारी म्हणाली, "मॅडम, पोरगी माह्यासंग मोहाखाली चुपचाप बसते. आता गावात लग्नं आहेत, लई गलका राह्यते. मी नेतो तिले."

मी ऐकलं नाही. "शाळा बुडवायची नाई, सोमारीबाई. आत्ता कुठी ती बसाले लागली."

पुढच्याच गुरुवारी अकरा वाजता वरात आली, शाळेच्या भिंतीला लागून डीजे सुरू झाला, आणि बुधरी माझ्या हातातून निसटली ती सरळ जंगलात.

सोमारीचं झाड आधी पाहिलं. नव्हती. संध्याकाळचे सहा वाजत आले, तरी नव्हती. चाळीस माणसं पत्र्याचे डबे बडवत, हाका मारत फिरत होती. नाल्यात सकाळीच वाघाचे पंजे उमटलेले दिसले होते.

मी धावत प्रणितला गाठलं. "हे डबे बंद करा."

"आवाजानं वाघ दूर राह्यते, मॅडम."

"अन् बुधरीही."

बाजूलाच गावातले लटारूभाऊ उभे होते. "गार्डसाहेब, डबे बंद केले नि पोरीले काही झालं तं?"

सूर्य झाडांत उतरला होता. प्रणितने माझ्याकडे पाहिलं. "किती वेळ?"

"अर्धा घंटा."

"सगळे खाली बसा," तो लोकांना म्हणाला. "अर्धा घंटा चकार शब्द नाई. काही झालं तं माह्यावर घाला."

जंगल एकदम गप्प झालं. पुढे काठी घेऊन तो, मग मी, मागे अनवाणी सोमारी. सोमारीच्या मोहापासून नाल्यापर्यंत दर पन्नास पावलांवर मी थांबायची, डब्यावर नऊ टिचक्या मारायची... आणि कान द्यायची.

काहीच नाही.

नाल्याच्या पलीकडे माकड खेकसलं. माकडाला वाघ दिसला की ते असंच खेकसतं, एवढं मलाही ठाऊक होतं. प्रणित माझ्या नि नाल्याच्या मधे येऊन उभा राहिला.

"मागं फिरायचं?" मी पुटपुटले.

"वाजवा," तो म्हणाला.

मी डबा धरला. सात... आठ... नऊ. मी डोळे मिटले.

टक्.

आवाज बांबूच्या बेटातून आला. पानांच्या ढिगात बुधरी बसली होती, गालावर ओरखडे, हातात झाकण. आमच्यापैकी कोणी धावलं नाही, कोणी ओरडलं नाही. सोमारी नुसती जवळ जाऊन बसली, आणि बुधरीने आईच्या मांडीवर डोकं टेकलं. मग मात्र मला रडू आवरेना.

"तुमचं ऐकाले पाह्यजे होतं, सोमारीबाई."

"उद्या मोहाखाली या," ती एवढंच म्हणाली. "तिथीच शिकवा."

गेले. पहाटेच्या गारव्यात सोमारी फुलं वेचत होती, बुधरी दहा-दहाचे ढीग लावत होती. प्रणित पहाऱ्याला होता म्हणे. पण पाठ जंगलाकडे नि तोंड आमच्याकडे, असला पहारा मी पहिल्यांदाच पाहिला.

तो समोर येऊन बसला. "दिव्यानी..." मॅडम कुठे गेलं, कोण जाणे. "काल मले वाघाचं भेव कमी होतं. तुमचं चुकलं असतं, तं तुम्ही जन्मभर स्वतःले माफ केलं नसतं. त्याचंच लई भेव वाटलं."

त्याने माझा डबा जवळ ओढला, त्यावर नऊ टिचक्या मारल्या आणि थांबला.

बुधरीने लगेच झाकण उचललं. त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं... आणि झाकण माझ्या हातात ठेवून ती परत फुलं मोजायला लागली.

मी दहावी टिचकी मारली.