पेडलची रेघ

गाडी टो करून माझ्या गॅरेजात आणली तेव्हा तिच्या चारही टायरमध्ये हवा नव्हती. चार दारांची, पुढे अखंड बाक, पत्र्याचा डॅशबोर्ड. वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मालकीण दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी दुसऱ्याच वाक्यात सांगून टाकलं की गाडी वडलांची आहे आणि वडील बावीस वर्षांपूर्वी एका दुपारी ती घेऊन गेले ते परत आले नाहीत. गाडी तलावाच्या बांधाजवळ उभी सापडली, इंजिन जाम, दार उघडं. तलाव धुंडाळला, हाती काही लागलं नाही. तेव्हापासून गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली होती, कारण आई विकू देत नव्हती. आता आईलाच त्या गाडीतून तलावाच्या त्या रस्त्याने एकदा जायचं होतं. आईचं वय अठ्ठ्याहत्तर.

मी इंजिन उघडलं. पिस्टन सिलिंडरला चिकटलेले, ब्लॉकला वीतभर तडा. त्या जातीचे सुटे भाग आता मिळत नाहीत, म्हणून नवं इंजिन घालायचं ठरलं. कोणतं, यावर माझे आणि वायरमनचे दोन दिवस गेले. वायरमनला आम्ही शंकासुर म्हणतो. त्याने आजवर कुठल्याही गोष्टीला पहिल्या फटक्यात हो म्हटलेलं नाही. सहा सिलिंडरचं मोठं इंजिन मला मोह घालत होतं, पण त्याने गाडीचं नाक जड झालं असतं आणि जुने ब्रेक पुरले नसते. शेवटी चार सिलिंडरचं, अॅल्युमिनियम ब्लॉकचं, पेटीबंद नवं इंजिन घेतलं. सोबत त्याचाच पाच गिअरचा बॉक्स. इंजिनच्या तळाची तेलाची टाकी गाडीच्या खालच्या आडव्या दांडीला टेकत होती, ती कापून उथळ केली. माउंटिंगच्या पट्ट्या मी स्वतः कापल्या, तीनदा चुकलो, चौथ्यांदा बसल्या. जुनं इंजिन भंगारात वितळायला गेलं.

या इंजिनला अॅक्सिलरेटरच्या पेडलपासून तार जात नाही. पेडलखाली सेन्सर असतो. पाय किती दाबला ते तो कॉम्प्युटरला सांगतो आणि लॅपटॉप जोडला की त्याची रेघ पडद्यावर दिसते. शंकासुराचं सगळं प्रेम त्या रेघेवर.

दोन महिन्यांनी गाडी रस्त्यावर आली. इंजिन लोण्यासारखं चाललं. फक्त वरचा गिअर खाली आणताना, क्लच दाबून माझा पाय पेडलवरून उचललेला असताना, इंजिन क्षणभर गुरगुरायचं आणि मग गिअर पडायचा. परत येऊन रेघ पाहिली. प्रत्येक वेळी, गिअर उतरवताना मधोमध, पेडल एकदा हलकेच दाबलं गेलं होतं.

मी दाबलं नव्हतं. शंकासुराला ते पटलं नाही, म्हणून तो शेजारी बसून माझ्या पायाकडे बघत राहिला. परतल्यावर त्याने सेन्सर बदलला. मग वायरिंग बदललं. मग अख्खं पेडल. रेघ तशीच उठत राहिली, त्याच उंचीची, त्याच बेताची.

डॉक्टरांना बोलावून दाखवलं. त्यांनी पडद्यावरच्या त्या उठावावर बोट ठेवलं.

"जुन्या गिअरबॉक्सला असं मध्ये पाय द्यावा लागायचा," त्या म्हणाल्या. "बाबा द्यायचे."

मी म्हटलं, हा बॉक्स नवा आहे, याला त्याची गरज नाही. शिवाय दोष सापडेपर्यंत गाडी ताब्यात देणं मला बरं वाटत नव्हतं. त्यांनाही वाटत नव्हतं. पण आई रोज विचारत होती. मीही सोबत येतो, या अटीवर रविवारी दुपारी निघायचं ठरलं.

डॉक्टर चालवत होत्या, आई त्यांच्या शेजारी. मी मागे उजवीकडे, मांडीवर लॅपटॉप. ऊन स्वच्छ होतं, रस्ता रिकामा. उतारांवर गिअर उतरवताना रेघ मधोमध आपणहून उठत होती.

तलाव अजून सहा किलोमीटर असताना रेघ खाली येऊ लागली. गाडी मंदावली.

"पाय का काढलात?" मी विचारलं.

"काढलेला नाही," डॉक्टर म्हणाल्या. मी पुढे वाकून पाहिलं. त्यांचा बूट पेडलवर पूर्ण दाबलेला होता.

रेघ शून्यावर टेकली. डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद पडलं.

डावीकडे झाडीत एक कच्ची वाट शिरत होती. आम्ही तिघं उतरलो. कसलाच आवाज नव्हता. तापलेल्या बॉनेटचा टिकटिकाट तेवढा.

"त्या दिवशीही इथेच थांबली होती," आई म्हणाल्या.

"आई, गाडी बांधाजवळ सापडली होती."

"तिथवर मी नेली. हे इथेच उतरले होते."

आपल्या आईला गाडी चालवता येते, हे डॉक्टरांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. त्यांचा चेहरा मी पाहत होतो. आई त्या वाटेच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. झाडीत काही हललं नाही.

"चला," त्या जरा मोठ्याने म्हणाल्या. "घरी जाऊ."

त्यांची पाठ आमच्याकडे होती, तोंड झाडीकडे. तरी आम्ही गाडीत बसलो. इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं.

परतीच्या रस्त्यावर सगळे चढउतार तेच होते. रेघ एकदाही आपणहून उठली नाही. जिथे डॉक्टरांचा पाय होता तिथेच ती होती, नव्या इंजिनची असायला हवी तशी. मी तसं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. आई समोर बघत होत्या.

घराशी गाडी थांबली. मी माझ्या बाजूने उतरलो. डॉक्टर किल्ली हातात घेऊन फाटक उघडायला गेल्या.

आई उतरल्या, गाडीला धरून दोन पावलं मागे आल्या आणि त्यांनी मागचं डावं दार उघडलं. त्या बाजूला कोणी बसलं नव्हतं. दार धरून त्या उभ्या राहिल्या, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सावकाश उतरायला लागतो तितका वेळ.

मग त्यांनी ते आवाज न करता लावलं आणि घराकडे निघाल्या, वाटेची एक बाजू मोकळी सोडून.