चुकलेल्या बासचं गाणं

"ए, हे गाणं तुला कुणी दिलं?"

मी दचकलेच. दुपारी सगळं रोसारियो शहर झोपतं. आमच्या सालादीयो वस्तीच्या क्लबात तर त्या वेळी चिटपाखरू नसतं. घरी पियानो नव्हता, म्हणून मी तिथल्या जुन्या पियानोवर येऊन बसायची. आणि आज दारात हा सोडावाला! खांद्यावर सायफनच्या बाटल्यांचा क्रेट, कपाळावर घाम, आणि डोळे… जाऊ दे.

"दिलं कुणी नाही, मी उचललं," मी म्हटलं. "कॅसेटवरून. का, तुझ्या बापाचं आहे?"

"बापाचं नाही, माझं आहे. बास मी वाजवलाय त्यात."

झालं! माझे कान तापले. त्या कॅसेटवर वस्तीतल्याच चार पोरांचा बँड होता, आणि ती मी फीत झिजेपर्यंत ऐकली होती. रॉक गाणी एकट्या पियानोवर बसवायचा मला नादच होता. गिटार नाही, ड्रम नाही, गाणारा नाही. बास आणि ठोका डाव्या हातात, गाणारा उजव्यात, आणि गिटारीसाठी जी बोटं मोकळी सापडतील ती.

"पुन्हा वाजव की," तो क्रेट खाली ठेवत म्हणाला.

वाजवलं. ध्रुवपद आलं तसा त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"इथे चुकलंय."

"माझं? शक्यच नाही. शंभरदा ऐकलंय मी."

"तुझं नाही गं… माझं. रेकॉर्डिंगला माझं बोट एक पडदा मागे पडलं. सगळा बँड एका सुरावर आणि मी शेजारच्या. पोरं अजून चिडवतात मला. आणि तू तेच उतरवून घेतलंस!"

त्याने वाकून बरोबर पट्टी दाबून दाखवली. त्याचा दंड माझ्या खांद्याला लागला… मी मुकाट्याने त्याच्या पट्टीने वाजवून पाहिलं. बरोबर होतं. अगदी बरोबर, आणि अळणी.

"नको. चुकलेलंच छान आहे. अख्खा डावा हात मी त्याच्यावर बसवलाय."

"अगं, माझी बेअब्रू आहे ती!"

"असू दे. मला आवडते."

तो लाल झाला. मग मीही झाले.

त्याचं नाव फाबियान. क्लबात सोडा मंगळवारी आणि शुक्रवारी टाकायचा असतो. हा रोज यायला लागला. शेवटी राखणदार डॉन इलारियो माझ्यावर खेकसले, "पोरी, इथे एवढा सोडा पितं कोण? कोठीत पाय ठेवायला जागा उरली नाही. लग्न तरी करून टाका, म्हणजे पंगतीत संपेल!"

डिसेंबरात माझी पियानोच्या डिप्लोमाची शेवटची परीक्षा होती. तीन परीक्षक, ठरलेल्या रचना, आणि शेवटी एक आपल्या आवडीची. मी हेच गाणं लिहून दिलं. मला शिकवणाऱ्या एचार्त बाई कडक, पण मनाने वाईट नव्हत्या. चष्मा काढून म्हणाल्या, "नोएमी, रॉकचं मी मंडळाला कसंतरी पटवते. पण ध्रुवपदातला तो चुकीचा सूर तेवढा दुरुस्त कर. नाहीतर सहा वर्षं पाण्यात गेली म्हणून समज."

फाबियानला सांगितलं, तर तो म्हणतो कसा, "कर ना मग! मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय."

"नाही करणार."

"एका सुरापायी डिप्लोमा घालवशील?"

"हो."

"डोकं फिरलंय तुझं!"

"फिरलंय तर फिरलंय! बरोबर बास कुणीही वाजवेल. त्या गाण्यात तू… तू मला फक्त तिथेच ऐकू येतोस."

"मला लाज वाटते त्याची, नोएमी," एवढंच तो म्हणाला आणि गेला. मग आठवडाभर फिरकला नाही. शुक्रवारचा सोडासुद्धा दुसऱ्याच माणसाने आणून टाकला. मी रडले, खूप रडले. रडत रडत सराव केला, चुकलेल्या सुरासकट.

आमच्याकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा; परीक्षेला घामाच्या धारा लागल्या होत्या. ठरलेलं सगळं नीट पार पडलं. मग माझं गाणं. ध्रुवपद जवळ आलं तशी मी डावी करंगळी खाली नेली. बरोबरची पट्टी तिथेच होती, अर्ध्या बोटावर… मी शेजारची दाबली. नुसती दाबली नाही, धरून ठेवली.

अध्यक्षांनी पेन्सिल खाली ठेवली. "सेन्योरिता, तिथे चूक झाली. तेवढा भाग पुन्हा वाजवा, आम्ही आधीचा धरणार नाही."

एचार्त बाई डोळ्यांनी विनवत होत्या. वाजव गं बाई, वाजव!

"चूक माझी नाही, सर." मी मागे वळले. शेवटच्या ओळीत सोड्याच्या गाडीवरचा निळा शर्ट घालून तो बसला होता… कधी आला कोण जाणे! "त्याची आहे. त्याने चुकून वाजवली, मी मुद्दाम वाजवते. माझं प्रेम आहे त्याच्यावर. मी ती काढणार नाही."

हो, पियानोच्या परीक्षेत बोलले मी हे! आईने नंतर महिनाभर डोकं धरलं.

दहापैकी तीन. पास व्हायला चार लागतात. मार्चमध्ये पुन्हा या, म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर फाबियान उभा होता. माझ्याकडे बघवत नव्हतं त्याला.

"आत म्हणालीस ते…"

"ऐकलंस ना? आता तू बोल."

"माझंही आहे," तो म्हणाला. "पहिल्या दुपारपासून. सांगायचीही लाजच वाटत होती." आणि भर रस्त्यात, बाई जिना उतरत असताना, त्याने माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही.

थोड्या वेळाने त्याने भीत भीत विचारलं, "मार्चमध्ये काय वाजवणार?"

"हेच."

"आणि पुन्हा नापास केलं तर?"

"तर पुढचा डिसेंबर आहे. मंडळातले तिघेही सत्तरीचे आहेत, फाबियान. मी एकवीस वर्षांची आहे."