डोहातून आलेली हाक

दोर भिजवून ठेवायचं काम माझं. कोरडा दोर दगडाच्या कडेला घासला की तुटतो, म्हणून आदल्या दिवशीच मी तो रांजणात बुडवून ठेवतो. आमच्या गावाबाहेरचा डोह म्हणजे चुनखडीत पडलेलं एक प्रचंड गोल भोक. कडा सरळ तुटलेल्या, पाणी खूप खाली, हिरवं, हलल्यासारखं न वाटणारं. पावसासाठी आम्ही त्यात माणसं टाकतो. जिवंत टाकलेल्यांपैकी एखादा दुपारपर्यंत तग धरतो आणि खालून हाक मारतो. त्याला वर ओढायचं आणि पावसाच्या देवाने काय निरोप दिला ते विचारायचं, अशी रीत.

त्या वर्षी मका गुडघ्याएवढा होऊन करपला. शेजारच्या नगरावर चढाई केली तेव्हा धरून आणलेला एक लढवय्या पुजाऱ्याने राखून ठेवला होता. त्याला निळा रंग फासून पहाटे काठावरच्या दगडावर उताणा घातलं. चौघा म्हाताऱ्यांनी हातपाय धरले. सुरा माझ्या थोरल्या भावाच्या, बातुनदादाच्या हातात होता. त्याच्याइतका सफाईदार हात आमच्या मुलखात नव्हता. बरगडीखाली गारगोटीचा सुरा घुसला, दादाने कोपरापर्यंत हात आत घातला आणि काळीज बाहेर काढलं, तेव्हा ते अजून धडधडत होतं. रक्त वाहत माझ्या पायांपर्यंत आलं. मग धड डोहात लोटलं. ते कड्यावर आपटत, ओल्या पोत्यासारखा आवाज करत खाली गेलं.

"आज तुझ्या दोराला सुट्टी," दादा हात पुसत मला म्हणाला. "मेलेला कसली हाक मारतोय."

खरंच होतं. जिवंत कोणालाच टाकलं नव्हतं. तरी माणसं ढगांची वाट बघत बसून राहिली. राळेचा धूर हलत नव्हता. बायकांनी मक्याची पेज वाटली. दादा माझ्या शेजारी बसून भोपळ्याच्या वाटीतून पेज पीत होता. त्याच्या कोपरावरचं रक्त वाळून तडकलं होतं.

ऊन डोक्यावर आलं आणि खालून हाक आली.

"दोर टाका."

डोहात आवाज घुमतो हे मला ठाऊक आहे. पाखरू फडफडलं तरी कोणी कुजबुजल्यासारखं वाटतं. मी पालथा पडून खाली पाहिलं. पाण्यावर एक डोकं होतं. तोंड सावलीत.

"नाप्या, दोर सोड रे. पाणी फार गार आहे."

माझं नाव नापुक. मला नाप्या म्हणणारा जगात एकच माणूस, आणि तो माझ्या शेजारी बसला होता. त्याच्या वाटीतली पेज मांडीवर सांडत होती.

"कोणीतरी माझी नक्कल करतंय," दादा म्हणाला. वरचा आवाज आणि खालचा आवाज, दोन्हींत काडीचाही फरक नव्हता.

पुजारी काठाशी आला. त्याने खाली पाहिलं, मग बराच वेळ दादाकडे पाहिलं. "हाक मारणाऱ्याला वर काढायचं. दोर सोड."

मी सोडला. खाली हिसका बसला. मी दोर कमरेला गुंडाळला, मागे दोघांनी धरला. वजन माणसाचंच होतं.

"ओढू नकोस," दादा म्हणाला. "नाप्या, मी सांगतोय ना." मी थांबलो नाही, तेव्हा तो सुरा घेऊन दोर कापायला झेपावला. पहारेकऱ्यांनी त्याला खाली पाडलं.

"बातुन खाली आहे," पुजारी शांतपणे म्हणाला. "मग हा कोण?"

गर्दीतून एक दगड आला आणि दादाचे दात तुटले. मग दगडच दगड. माझी वहिनी, इश साक, माणसांना ढकलत पुढे आली.

"सोडा त्याला. माझा नवरा आहे तो, मी ओळखत नाही का?"

"साक," खालून हाक आली. "घाबरू नकोस, आलोच."

तिचे हात खाली आले. ती पुढे सरकली नाही.

"त्याला सोडा," मी ओरडलो, "नाहीतर मी दोर सोडतो."

"सोड," पुजारी म्हणाला. "मग दोघंही जातील."

त्यांनी दादाला त्याच दगडावर घातलं. म्हातारे तेच होते. सुरा या वेळी पुजाऱ्याने घेतला. त्याला सवय नव्हती. त्याला जागा सापडेना.

दादा माझं नाव घेऊन किंचाळत होता.

खालूनही माझंच नाव येत होतं. "ओढ, नाप्या."

मी ओढत राहिलो.

किंचाळणं थांबलं, तेव्हा काठावर एक हात आला.

तो वर चढून उभा राहिला. दादाच होता. छातीवर ओरखडासुद्धा नव्हता. लोक दगडावरचं प्रेत डोहात लोटत होते. ते दिसेनासं होईपर्यंत तो बघत राहिला.

"पाऊस येईल," तो म्हणाला.

दिवस मावळायच्या आत आला.

आता मका डोक्याच्या वर गेला आहे. तो घरी राहतो, शेतात खपतो, वहिनीशी गोड बोलतो. सुरा त्याने पुन्हा हातात घेतला नाही. काल मी गेलो तेव्हा तो अंगणात उघडा बसला होता आणि वहिनी त्याच्या पाठीला मध लावत होती. खांद्यापासून कमरेपर्यंत कातडी भाजून सोलली होती.

"इतके दिवस झाले, बरंच होत नाही," ती म्हणाली.

"काठावरचा दगड फार तापला होता गं," तो म्हणाला. "भर दुपार होती ना."