अवांतर

सुमेधानं डबा दप्तरात टाकला, चपला सरकवल्या आणि दारातून म्हणाली, "आई, जाते."

कलावतीचा कणीक मळणारा हात थांबला. "अगं, येते म्हण की! जाते काय?"

"का?" सुमेधानं विचारलं. चेष्टा नव्हती, पोरगी खरंच विचारत होती. "मी तर जातेच आहे ना."

घरातून निघताना जाते म्हणायचं नसतं, हे काय कुणाला शिकवावं लागतं? बोलायला लागलं की येतंच ते.

लातुरात बारावीचं पोर असलेलं घर लांबूनच ओळखू येतं. टीव्ही बंद, पाहुणे बंद, आणि आईबापच परीक्षेला बसल्यासारखे. सुमेधानं तर मेडिकल आणि इंजिनिअरिंग दोन्ही धरलेलं. गणितही, जीवशास्त्रही, वर प्रगत भौतिकशास्त्राचा जादा पेपर. धरलेलं कसलं, बापानं धरायला लावलेलं! दिवाळीपर्यंत पोरगी पार सुकून गेली. वाचलेलं राहीना, राहिलेलं वेळेला आठवेना, ताटावर बसल्या बसल्या रडायची. मग बापानंच, बसवराजनं, क्लासमधून मुरवणी आणली.

मुरवणी म्हणजे कपाळाला बांधायची मऊ पट्टी. झोपेत मेंदू दिवसभराचं आवरतो, काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते आपलं आपण ठरवतो. ही पट्टी बारीक विद्युतलहरींनी त्याला सांगते, हे ठेव. बरणीत लोणचं मुरावं तसा डोक्यात धडा मुरतो. सुमेधा दुपारची झोपून उठायची ती सेंद्रिय रसायनाचा अख्खा धडा घेऊनच. सराव परीक्षेत ती पहिली आली. बसवराजनं गल्लीभर पेढे वाटले.

पुढं येळवस आली. लहानपणापासून या सणाला शेतात जाऊन भज्जी-आंबिलीवर तुटून पडणारी ही पोरगी म्हणाली, "शेतात? तिथं काय असतं?" बसवराज केवढा खूश झाला! "बघितलंस? किती मन लागलंय अभ्यासात!" कलावतीलाही तेव्हा ते खरं वाटलं होतं.

आज मात्र तिनं कणकेचे हात पुसले, नवऱ्याला दुकानातून उठवलं आणि दोघं सुमेधासोबत थेट क्लासवर गेली. मुरवणीचं काम बघणाऱ्या देवणीकर मॅडमनी पट्टीची नोंद पडद्यावर उघडली.

"बसवताना मी विचारलं होतं, अवांतर ठेवायचं का? तुम्हीच म्हणालात, अवांतर सगळं बंद करा."

"हां, मग? अवांतर म्हणजे गोष्टीची पुस्तकं, मोबाइल, गाणीबिणी!" बसवराज म्हणाला. "बारावीला ते बंदच करतात की!"

"आमच्याकडं अवांतर म्हणजे अभ्यासक्रमाबाहेरचं सगळं." मॅडमचा आवाज खाली आला. "एक घट्ट करायचं तर दुसरं सैल पडतं. मला वाटलं, तुम्हाला कळलंय."

बसवराज पडद्याकडं वाकून नोंद पुन्हा वाचू लागला.

"काढा ती पट्टी," कलावती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता काढा."

"काढता येईल. गेलेलं आपोआप परत येणार नाही. पण तुम्ही सांगत राहिलात, दाखवत राहिलात, तर थोडंफार नव्यानं रुजेल. मात्र मुरवलेलं रोज पट्टीनं घट्ट केलं तरच टिकतं, ते सगळं सुटेल, आणि परीक्षा तोंडावर आली आहे. पट्टी ठेवली, तर उरलंसुरलं अवांतरही जाईल." मॅडमनी सुटल्यासारखा श्वास सोडला. "ती सज्ञान आहे. तिनंच ठरवायचं."

सगळे सुमेधाकडं बघू लागले. ती गणित ऐकावं तसं ऐकत होती.

"अभ्यासात काय आहे ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "अवांतरात काय काय होतं?"

कलावतीनं तिचा हात धरला आणि सुरुवात केली. येळवशीचं सांगितलं, झाडाखालची पंगत सांगितली. आंबिलीचं मडकं फोडून ही अण्णा आजोबांच्या पाठीमागं लपली होती, तेही सांगितलं. बसवराज मान खाली घालून हुंदके देत होता.

सुमेधानं मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. हात हळूच सोडवून घेतला आणि मॅडमना विचारलं, "आणि हे दोघं कशात येतात? अभ्यासात, की अवांतरात?"