कोमट शेगडी

"डॉक्टरीणबाई, लगेच या. हे आज पुन्हा येऊन गेले!"

फोनवर काकूंचा आवाज कापत होता. 'हे' म्हणजे काका, आणि काकांना जाऊन वर्ष झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्या माणसांच्या डॉक्टर नव्हेत. कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या, म्हणून गल्लीने बहाल केलेली पदवी. काकांच्या जुन्या कॉम्प्युटरला वीस दिवसांपूर्वी त्यांनीच नवी, झटपट चालणारी एसएसडी डिस्क बसवली होती. आणि आता त्यातून भूत निघालं म्हणे! धंद्याची अब्रूच गेली की.

त्या पोचल्या तेव्हा काकांच्या खोलीत पडदे ओढलेले होते. खुर्चीच्या पाठीवर काकांची शाल तशीच होती. मॉनिटर चालू होता, त्यावर तीनच वाक्यं.

'तू एकटी राहू नकोस. घराला कुलूप लाव. लेकीकडे जा. — मी'

"सहीसुद्धा यांचीच," काकू म्हणाल्या. "फ्रीजवर अशाच चिठ्ठ्या लावायचे. ही अकरावी. रोज सकाळी मी फिरून येते, तर मशीन चालू आणि चिठ्ठी तयार."

जुनी हार्ड डिस्क आत करकरली. फोटो ठेवायला ती राहू दे, असा काकूंचाच हट्ट होता. हा आवाज डॉक्टरीणबाईंनी हजारदा ऐकला होता, तरी अंगावर सर्रकन काटा आला.

"मग आता?"

"आता काय! लेकीला मीच म्हटलं होतं, यांनी सांगितलं तरच हे घर सोडीन. सांगितलं ना? शनिवारी जाते." दारापाशी दोन बॅगा भरून ठेवलेल्या होत्या. काकूंनी तिकडे पाहिलं आणि पदराने डोळे टिपले. उन्हाळ्यात बाथरूममध्ये पडल्यापासून त्या काठी घेऊन चालत. पण या घरातून पाय निघत नव्हता तो काही त्या दुखण्यामुळे नाही.

"चिठ्ठीशिवाय आणखी काही?"

"शेगडी. मी येते तेव्हा कोमट असते, चहाचा वास येतो. यांच्यामागे मी चहा सोडला. चहापत्ती ठेवते ती आल्यागेल्यासाठी. यांचं कसं असायचं, आधी बटण दाबायचं, मग चहा टाकायचा. पिऊन होईस्तोवर कुठे मशीन डोळे उघडायचं. सगळ्या घरालाच ती सवय लागली होती."

"किल्ल्या कोणाकडे?"

"वरच्या भाडेकरूकडे एक, लेकीकडे एक."

भाडेकरू व्हायोलिन शिकवायचा. सहाच महिने झाले होते त्याला इथे येऊन. डॉक्टरीणबाई जिना चढून त्याच्याकडे गेल्या.

"सकाळी खाली येता?"

"पेपर घ्यायला, दारापर्यंत."

"त्या खोलीत?"

"नाव नका काढू! हल्ली मी जिन्यातला दिवासुद्धा विझवत नाही."

"तो कॉम्प्युटर कधी लावलात?"

"एकदाच, नवी डिस्क बसली त्या संध्याकाळी काकूंच्या ऐवजी मी लावला, त्यांना फोटो उघडून द्यायला. बटण दाबून हात मागे घेतो न घेतो तोच चालू. कमाल केलीत बुवा तुम्ही!"

डॉक्टरीणबाई खाली आल्या. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये काहीतरी उघडून पाहिलं, टॉर्च लावून डब्याच्या आतलं लेबल वाचलं आणि बोटांवर हिशेब केला. दुपारी लेक बॅगा न्यायला आली.

"बस जरा," डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. "काकू, भुताला बटण दाबावं लागत नाही. ही नवी डिस्क आपण किती वेळा चालू झालो ते स्वतःच मोजते. बसवली तेव्हा आकडा तीन होता. मी लेबलवर लिहून ठेवते, खोड आहे माझी. तुम्ही रोज संध्याकाळी एकदाच लावता ना?"

"एकदाच."

"वीस दिवसांचे वीस. तेवीस व्हायला हवेत. आहेत चौतीस. अकरा जास्त, आणि चिठ्ठ्याही अकरा."

"म्हणजे तो वरचा!" लेक घाईघाईने म्हणाली.

"त्याला हे मशीन भेटलं तेच मुळी झटपट चालणारं. पंधरा सेकंदांत सुरू होणाऱ्या यंत्रासाठी चहा कोण टाकेल गं? ज्याचा हात लहानपणापासून बटणावरून सरळ शेगडीकडे जातो, तो. अशी माणसं या घरात तीन. एक देवाघरी, एक फिरायला गेलेलं. राहिली तू."

लेकीचा चेहरा पडला. मग ती ढसाढसा रडायला लागली.

"तीन तास, आई! तीन तास ओल्या फरशीवर पडून होतीस तू. मला अजून झोप लागत नाही. माझं ऐकलंस कधी? बाबांचं ऐकशील म्हणून..."

काकूंची नजर खुर्चीवरच्या शालीकडे गेली.

"अकरा दिवस मी त्यांच्याशी बोलत होते गं," त्या म्हणाल्या. "रोज खुर्ची पुसली. शाल सारखी केली. आज दुसऱ्यांदा गेले ते."

लेकीने त्यांच्या मांडीत तोंड लपवलं. काकूंचा हात हवेत थबकला, मग हळूच तिच्या केसांवर टेकला. डॉक्टरीणबाईंना वाटलं, आपण गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण शनिवार परवावर आला होता.

काकू काठी टेकत उठल्या. त्यांनी एक बॅग उघडली आणि आतल्या साड्या एकेक करून पलंगावर ठेवायला सुरुवात केली.

"उद्या सकाळी ये," त्या लेकीकडे न बघता म्हणाल्या. "पण मी फिरून आल्यावर. जे सांगायचंय ते तोंडाने सांग, मी ऐकेन. आणि चहा टाकशील तो दोन कप टाक."