कथामालेतले बाबा

कानो शहरातल्या एका कथांच्या संकेतस्थळावर सौदेचं काम सरळ होतं. आलेला मजकूर वाचायचा आणि तीनपैकी एका खान्यात टाकायचा. एकदाच येऊन संपणारी ती सुटी कथा. दर आठवड्याला पुढे सरकत कधीतरी शेवटाला पोचणारी ती क्रमशः. आणि नायक तोच, पण गोष्ट दर वेळी पूर्ण, ती कथामाला. लेखक भांडत, वाचक शिव्या घालत, पण सौदे ढिम्म हलत नसे.

रमजान संपला आणि 'टांको' नावाची क्रमशः सुरू झाली. लेखकाच्या नावाची जागा कोरी. वुदिल गावचा टांको नावाचा एक म्हातारा शिंपी, छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला, एवढंच त्यात होतं. सौदेचे वडीलही टांको, वुदिलचे, शिंपी आणि आजारी. शुक्रवारच्या भागात म्हाताऱ्यानं बिनसाखरेची बाजरीची पेज मागितली, की संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ साम्बो घरून फोनवर हसायचा. "ताई, आज पेज हवी म्हणाले, तीही बिनसाखरेची. म्हाताऱ्याचे नखरे बघ!"

सहाव्या भागात म्हाताऱ्याला धाप लागली. क्रमशःला शेवट असतोच आणि या गोष्टीचा शेवट काय, हे सौदेला कुणी सांगायला नको होतं. कथामालेतला नायक मात्र पुढच्या गोष्टीत पुन्हा येतोच. तिनं खाना बदलला. 'एकूण गोष्टी किती' ही चौकट कोरी सोडली. आपल्याला हे सुचलं याचं तिला कौतुकही वाटलं.

पुढच्या शुक्रवारची गोष्ट पूर्ण होती; शेवटी म्हातारा मेला. त्याच दिवशी दुपारच्या नमाजानंतर बाबाही गेले. सौदे पोचली तेव्हा पांढऱ्या कापडात गुंडाळलेला देह पुरुषांनी उचलला होता. दारात बसून ती ढसाढसा रडली.

आठवड्यानं नवी गोष्ट आली. टांको उठतो आणि पेज मागतो. तिनं साम्बोला फोन लावला.

"कोण गेलं?" साम्बो खेकसला. "काहीतरीच काय बोलतेस? बाबा समोर बसलेत!"

ती वुदिलला पोचली तेव्हा ते खरंच अंगणात चटईवर बसले होते. हातात पेजेचा वाडगा. नखांत लाल माती.

साम्बो आत गेला तशी बाबांनी तिला जवळ बोलावलं.

"तूच आणतेस ना मला परत?" ते हळूच म्हणाले. "माती फार जड असते गं पोरी. एकदाच काय ते संपव."

दुपारी त्यांचा श्वास पुन्हा थांबला.

सुटी कथा. त्या खान्यावर एकदा बोट दाबलं की झालं. पण मग बाबांना संपवणारी तीच ठरली असती. तिनं बोट उचललं.

आज कथामालेचा अकरावा शुक्रवार. सौदे वुदिलला आली आहे. पिशवीत बाजरीचं पीठ आहे आणि कफनाचं नवं कापड.

बाबा आता तिच्याशी बोलत नाहीत. नुसते हात पुढे करतात आणि ती नखांतली माती काढते.

दर वेळी थोडी जास्त निघते.